आपण म्हणता तसंच होईल

१

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत रावजी मरीन पंप्सचं शटर सकाळी साडेआठला वर जायचं आणि पावणेनऊला राहीच्या कपाळाला आठी पडायची. मधल्या पंधरा मिनिटांत ती चहा पिऊन घ्यायची. एकदा गिऱ्हाइकांचे मेल उघडले की मग चहा कसला आणि काय कसलं!

मासेमारीच्या बोटीत साचलेलं पाणी बाहेर फेकणारे पंप ही कंपनी बनवायची. वेरावळपासून मालप्यापर्यंत गिऱ्हाइकं पसरलेली, आणि पंप असे गुणाचे की बंदरात असेपर्यंत मुकाट चालणार आणि बोट खोल पाण्यात गेली की रुसणार. मग मेल. कुणी लिहायचं, पंप आवाज करतो. कुणी लिहायचं, पंप आवाजच करत नाही. कुणी नुसता फोटो पाठवायचं आणि त्यात हार घातलेली बोट, बोटीचा मालक, मालकाची दोन मुलं असं सगळं असायचं, फक्त पंप नसायचा. या सगळ्यांना उत्तरं द्यायचं काम राहीचं. सहा वर्षांपूर्वी ती कॉम्प्युटरवाली म्हणून लागली होती. आता प्रिंटर, वायरिंग, मागच्या खोलीतला युनिक्सचा सर्व्हर आणि तीन-चार राज्यांतले रुसलेले पंप, सगळं तिच्याच गळ्यात होतं.

त्यामुळे सुट्टी हा शब्द तिने नुसता ऐकला होता. गेल्या शिमग्यात हेदवीला तिच्या घरी ग्रामदेवतेची पालखी आली, तेव्हा दारात तिची आई सत्यवती एकटीच ओटी घेऊन उभी होती. वर्षातून एकदा देव आपण होऊन दारी येतो, आणि घरात माणूस एक! आई तेव्हा काही बोलली नाही. यंदा मात्र महिनाभर आधीच फोनवर बोलली.

"राही, यंदा तू नाय आलीस ना, तर मी दार उघडणार नाय. देवाला सांगेन, माझ्या लेकीला जाऊन विचार."

आई बोलली की करायची. पालखी शनिवारी यायची होती. काहीही करून शुक्रवारी निघायचंच, असं राहीने मनाशी पक्कं केलं.

२

रावजीशेठ अडुसष्ट वर्षांचे. भाट्याला घर, बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी कॅनडात. एकट्याने जेवण त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही, म्हणून दुपारी डबा घेऊन ते कुणाच्या ना कुणाच्या टेबलाशी जाऊन बसायचे आणि गप्पा सुरू करायचे. त्या गप्पांना आरंभ असायचा, शेवट नसायचा. माणूस मात्र लाखातला.

"सुट्टी घे की, कोण नाय म्हणतोय?" ते म्हणाले. "पण गिऱ्हाईक एक तास जरी उत्तराशिवाय राहिलं, तर तुझी सुट्टी बंद. गेल्या वर्षी तू तापाने पडलीस, दोन दिवस उत्तर गेलं नाय, वेरावळचा माणूस तुटला तो तुटलाच."

"मशीनच उत्तर देईल शेठ. युनिक्सवर त्यासाठी तयार प्रोग्रॅम असतो. त्याचं नावच व्हेकेशन. म्हणजे सुट्टी!"

"नाव तर झकास हाय. करतो काय?"

"मेल आला की आपण लिहून ठेवलेलं उत्तर पाठवतो. एका माणसाला आठवड्यातून एकदा."

"एकदाच? आणि त्याने दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं तर?"

"तर गप्प बसतो."

शेठनी कपाळाला हात लावला. "अगो, गाऱ्हाणं घातलं आणि समोरचा गप्प, असं असतं काय कुठे? देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा गाव काय करतो?"

काय करतो ते हेदवीच्या पोरीला सांगायला नको होतं. गुरव देवापुढे एकेक ओळ म्हणतो, या लेकराला नोकरी दे, त्या घरातलं दुखणं ने, आणि प्रत्येक ओळीला जमलेला सगळा गाव एका सुरात ओरडतो, "व्हय म्हाराजा!" गुरव नेमकं काय म्हणाला याचा कुणी थांबून विचार करत नाही. व्हय म्हणायचं म्हणजे म्हणायचं.

"तेच लिही," शेठ खुशीत येऊन म्हणाले. आणि त्यांनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला. 'होय महाराजा! आपलं गाऱ्हाणं आमच्यापर्यंत पोचलं. आपण म्हणता तसंच होईल.' खाली हेच हिंदीत आणि इंग्रजीत.

"शेठ, शेवटचं वाक्य नको हो. कुणी म्हणालं, नवा पंप फुकट द्या, तर?"

"तर मी फोन करून समजावेन. आधी व्हय म्हणायचं, मग बोलायचं. एवढ्यावर तर हा धंदा उभा राहिला."

राहीने तयार प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि स्वतःच दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक मेलला, प्रत्येक वेळी उत्तर. एक अडचण तेवढी होती. मेललाही पाकीट असतं, आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. न पोचलेला मेल परत येतो, त्या परतीच्या चिठ्ठीचं पाकीट मात्र कोरं असतं. कोऱ्या पाकिटाला उत्तर द्यायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. पण कंपनीच्या वेबसाइटवरून जे तक्रारीचे फॉर्म यायचे, तेही कोऱ्या पाकिटातूनच यायचे, गिऱ्हाइकाचा पत्ता आत. तो फॉर्म नीट करायला दोन दिवस गेले असते. दोन दिवस कुठले आणायचे? राहीने नियमाची ओळच काढून टाकली. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता ऑटो-रिप्लाय सुरू झाला आणि शेठनी सगळ्यांना मलई बर्फी वाटली.

३

मंगळवार मजेत गेला. मालप्याच्या एका बोटमालकाचा फोन आला. मोडक्या हिंदीत तो म्हणाला की चाळीस वर्षं धंदा करतोय, महाराजा कुणी म्हणालं नव्हतं, बायकोला वाचून दाखवलं. शेठ इतके खूश झाले की त्याला नवा वॉशर फुकट देऊन टाकला.

राहीने दुपारी जेवणाआधी सहज लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी. किती वाजता कुणाला उत्तर गेलं, पोचलं की नाही. एकोणीस उत्तरं गेली होती, एकोणीसच्या एकोणीस पोचली होती. राहीने स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. मग तिची नजर चौदाव्या ओळीवर अडली. वेळ होती, बारा वाजून पाच मिनिटं. पत्त्याच्या जागी काही नव्हतं. पुढे लिहिलं होतं, पोचलं.

कुठे पोचलं?

तिने तो मेल शोधून काढला. पाकीट कोरं, आतही पत्ता नाही, नाव नाही. फॉर्म नव्हता, परतीची चिठ्ठीही नव्हती. आत एकच ओळ होती. 'बसायला जागा मिळेल का?'

"आता हे कोण बाबा?" राही मोठ्याने म्हणाली आणि हसली. कुणीतरी वेबसाइटवर भलतंच बटण दाबलं असणार. गिऱ्हाइकांचा काय नेम? एकाने मागे लग्नपत्रिका पाठवली होती. आणि कोऱ्या पत्त्यावर मेल पोचत नसतो, तेव्हा लॉगच खोटं बोलत असणार. जुनी मशीनं चुकतात कधी कधी. असं म्हणून ती जेवायला बसली, आणि जेवताना तिने शेठची मिऱ्या बंदराची गोष्ट चौथ्यांदा ऐकली.

४

बुधवारी सकाळी ती मागच्या खोलीत गेली. ही खोली म्हणजे पूर्वीचं सुट्या भागांचं कोठार. चिऱ्याच्या भिंती, एक खिडकी, तीही कायमची बंद. कोपऱ्यात सर्व्हर, वर एसी. तिथे बसायला काही नव्हतं आणि लागतही नव्हतं. राही सगळं काम आपल्या टेबलावरच्या लॅपटॉपवरून करायची, इथे आठवड्यातून एकदा धूळ पुसायला यायची.

खोलीत मधोमध एक खुर्ची होती. कारखान्यातलीच, लाल प्लास्टिकची. सर्व्हरकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून ठेवलेली.

राही दारातच थांबली. खोलीत एसीची घरघर होती, सर्व्हरचा पंखा होता. बाकी काही नाही. तरी तिला वाटलं, आपण न विचारता आत आलो. कुणी पाहुणा बसलेला असताना चुकून आत डोकवावं आणि ओशाळावं, तसं झालं तिला. ती चक्क एक पाऊल मागे सरकली आणि मग स्वतःवरच चिडली. रिकाम्या खुर्चीला कसली लाजतेस गं बये!

तिने खुर्ची उचलून बाहेर आणली. खुर्चीची बैठक गार लागली. एसीची खोली, गार लागणारच. पॅकिंग खात्याच्या दमयंतीमावशी तिथून चालल्या होत्या, त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात टेम्पो आला आणि त्या तिकडे धावल्या.

त्या दिवशी बारा वाजून पाच मिनिटांनी दुसरा मेल आला. राही लॅपटॉपसमोरच बसली होती. तिच्या डोळ्यांदेखत तो आला आणि डोळ्यांदेखत मशीनने उत्तर पाठवलं. आलेली ओळ होती, 'पाणी मिळेल का?' गेलेलं उत्तर होतं, होय महाराजा, आपलं गाऱ्हाणं आमच्यापर्यंत पोचलं, आपण म्हणता तसंच होईल. आणि लॉगमध्ये, कोऱ्या जागेपुढे, पोचलं.

स्क्रिप्ट थांबवावी असं तिला वाटलं. पण थांबवली तर शेठना कारण सांगावं लागणार, कारण सांगितलं की शेठ म्हणणार, मग तू इथेच थांब. आणि आई दार उघडणार नाही. एकेका ओळीच्या दोन मेलसाठी? कुणीतरी चेष्टा करतंय, बाकी काय! राहीने तो विषय तिथेच मिटवला. मिटवला म्हणजे काय, दिवसभर तोच डोक्यात फिरत राहिला.

५

गुरुवारी सकाळी लाल खुर्ची पुन्हा मागच्या खोलीत होती. तिच्या शेजारी स्टूल होतं, स्टुलावर तांब्या-भांडं आणि बशीत गुळाचा खडा. भांडं रिकामं होतं आणि त्याच्या काठाला अजून थेंब होता.

आता मात्र राहीने दमयंतीमावशींना गाठलंच. मावशी खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या.

"मावशी, आत पाणी कोणी ठेवलं?"

"मीच की. का गो? पाहुण्याला नुसतं पाणी कसं द्यायचं, म्हणून गूळ पण ठेवला."

"कुठला पाहुणा?"

"आत बसलाय तो. कुठला काय माहीत? मशीनवाला असेल."

"तुम्ही बघितलात?"

मावशींचा हात थांबला. त्यांनी आठवून बघितलं. आठवताना त्यांच्या चेहऱ्यावर अगदी साधं आश्चर्य उमटलं, घरातून निघताना गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही तसं.

"बघितला असं नाय. पण आत कुणी हाय हे ठाऊक होतं मला. आणि तूच तर सांगितलंस."

"मी?"

"परवा म्हणालीस, मावशी, आत खुर्ची द्या. काल म्हणालीस, पाणी द्या. पाठीमागून म्हणालीस. मी काय वळून बघितलं नाय, हातात काम होतं." मग त्या हसल्या. "काय गो, पालखीच्या नादात विसरायला लागलीस काय?"

राही पण हसली. हसण्याशिवाय करणार काय? तिने असलं काहीही सांगितलं नव्हतं. ती टेबलाशी आली, पाणी प्यायली आणि नीट विचार करायला बसली. समजा मावशींना भास झाला. ठीक आहे, बायका दमतात, उकाडा आहे. पण मेल तर फक्त राहीने वाचले होते. मावशींना खुर्ची आणि पाणी बरोबर त्याच क्रमाने कसं सुचलं? तिने तीनदा विचार केला आणि तीनदा तिच्या विचाराची गाडी याच ठिकाणी येऊन बंद पडली.

घड्याळात साडेअकरा वाजले होते.

६

बारा वाजून पाच मिनिटांनी तिसरा मेल आला.

'जाताना सोबत मिळेल का?'

आणि मशीन म्हणालं, होय महाराजा. आपण म्हणता तसंच होईल. पोचलं.

राहीने ती ओळ पुन्हा वाचली. खुर्ची झाली, पाणी झालं, आता माणूस! आणि कबूल कोण करून बसलं? आपलीच स्क्रिप्ट. सोबत म्हणजे कुणाची? कुठपर्यंत? तिने मान वर करून कारखान्यात पाहिलं. चौदा माणसं होती. कुणी पंप तपासत होतं, कुणी डबा उघडत होतं, शेठ कुणाला तरी बर्फीवाल्याचा पत्ता समजावत होते.

तिने उत्तर लिहायला घेतलं. स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत. नाही. सोबत मिळणार नाही. खाली त्याचाच मेल जोडलेला होता. पण पाठवायचा कुणाला? पत्त्याची जागा कोरी. तिने तसाच पाठवला. अर्ध्या मिनिटात तो परत आला, असा कुणी पत्ता नाही, अशी चिठ्ठी लागून.

परतीची चिठ्ठी कोऱ्या पाकिटातून येते. आणि कोऱ्या पाकिटाला उत्तर द्यायचं नाही ही ओळ राहीने स्वतःच काढून टाकली होती. तिच्या देखत मशीनने ती चिठ्ठी घेतली, आत जोडलेल्या त्या मेलसकट, आणि उत्तर दिलं. होय महाराजा. आपण म्हणता तसंच होईल. तिचं 'नाही' पोचत नव्हतं. मशीनचं 'होय' मात्र पुन्हा एकदा पोचलं.

"मेल्या!" राही किंचाळली आणि तिने स्क्रिप्ट बंद केली. बंद करून पुसून टाकली, पुसली ती खरंच पुसली गेली ना हे दोनदा बघितलं. मग मागच्या खोलीत जाऊन, खुर्चीकडे न बघता, ती खुर्ची, स्टूल, तांब्या, सगळं एका दमात बाहेर आणलं. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारच्या कारखान्यात कुणाचा तरी रेडिओ चालला होता. तिला एकदम हलकं वाटलं. संपलं. झाला घोळ, निस्तरला. मशीन बंद म्हणजे कबुलीही बंद.

तसं खरंच असतं का, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

७

"ऑटो-रिप्लायमध्ये गडबड झालीय शेठ, बंद केला," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली. खुर्चीचं, पाण्याचं, सोबतीचं, सगळं जिभेच्या टोकावर होतं. सांगितलं तर शेठ हसतील, नाही तर घाबरतील, आणि दोन्हींत तिची सुट्टी जाईल. तिने ते गिळलं.

शेठनी तिचा पडलेला चेहरा बघितला. "मग रडतेस काय एवढी? मी बसतो की!"

"तुम्ही?"

"का? मला टायपिंग येत नाय? एका बोटाने येतं. शनिवारी सगळे शिमग्याला जाणार, कारखाना बंद. मी घरी बसून भिंती बघणार. त्यापेक्षा इथे बसतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. तू जा. तुझी आई एकटी हाय."

शेठ एकटे इथे बसणार, हे राहीला बरं वाटेना. तिने तोंड उघडलं. आणि शेठ इतके हौसेने विचारत होते, पासवर्ड काय, मेल कुठे उघडायचा, होय महाराजा लिहायचं की नाही, की तिने तोंड मिटलं आणि त्यांना पासवर्ड कागदावर लिहून दिला.

"होय महाराजा नका लिहू शेठ. आणि बसायचं तर माझ्या टेबलावर बसा. आत नको."

"बरं बाय, बरं."

शुक्रवारी दुपारी ती जयगडच्या एसटीत बसली. जयगडला फेरीबोट धरली. गाड्या, माणसं, कोंबड्यांची एक पाटी आणि नवा कोरा ढोल घेऊन मुंबईहून आलेले चार चाकरमानी, सगळं एका बोटीत. ढोलवाले बोटीतच वाजवायला लागले. खाडीवरचा वारा तोंडावर घेत राही पोटभर हसली. तवसाळला उतरली तेव्हा मिरजोळ्याचं काहीही तिच्या मनात नव्हतं.

८

शनिवारी दुपारी दोन वाजता पालखी वरच्या वाडीतून खाली उतरली. अंगण सारवलेलं होतं, रांगोळी होती, आतून पुरणाचा वास येत होता. आईने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि ती दर दोन मिनिटांनी राहीला हात लावून बघत होती, पोरगी खरंच आलीय ना म्हणून.

तेवढ्यात शेठचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी नुसतं नाक दिसलं, मग चष्मा, मग सगळे शेठ.

"पालखी दाखव गो! सकाळपासून अकरा मेल आले, अकरा उत्तरं दिली. एका बोटाने! वेरावळवाल्याने पण लिहिलं, तुटलेला माणूस परत आला, बोल आता!"

राही आनंदाने ओरडलीच. मग तिला शेठच्या मागे चिऱ्याची भिंत दिसली.

"शेठ, तुम्ही आत का बसलात?"

"बाहेर उकडतंय. इथे एसी हाय. पालखी दाखव."

तिने फोन वळवला. आठ गडी खांद्यावर पालखी नाचवत होते, ढोल-ताशा असा वाजत होता की अंगणातली फुलं हलत होती. शेठनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"वा! वा! जरा डावीकडे धर ना. यांना दिसत नाय."

राहीचा हात थांबला. "कुणाला?"

"हे आलेत ना मघाशी, गिऱ्हाईक. मी या खोलीचं दार उघडलं तर हे आत बसलेलेच. फार सज्जन माणूस! दोन तास माझ्या गप्पा ऐकतायत, एकदा घड्याळाकडे बघितलं नाय. असं कोण ऐकतं गो आजकाल?"

"कोण आहेत ते? कुठले? शेठ, फोन तिकडे करा!"

शेठ बाजूला बघत होते. ते थोडं थांबले, कुणी बोलत असताना आपण थांबतो तेवढं, आणि मग मोकळेपणी हसले. गेली चार वर्षं राहीने त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

"निघायचं म्हणतायत. वाट ठाऊक नाय त्यांना इकडची. मी जरा सोबत करतो."

"शेठ, जाऊ नका! ऐका माझं, उठू नका, तिथेच बसा!"

ढोल अगदी दारात आला होता. "काय म्हणतेस? ऐकू येत नाय गो," शेठ ओरडले, आणि त्यांनी फोन सर्व्हरला टेकवून उभा ठेवला.

आता पडद्यावर खोली दिसत होती. दोन लाल खुर्च्या, शेजारी शेजारी, आणि पलीकडे दार. शेठ उठले, शर्ट नीट केला, दारापाशी गेले. त्यांनी दार उघडलं आणि ते बाहेर पडले नाहीत. पाठीने दार अडवून धरून, कडेला होऊन, ते उभे राहिले आणि हात पुढे केला, पाहुण्याला आधी जाऊ द्यावं तसा. दारातून उन्हाचा पट्टा जमिनीवर पडला होता. तो पट्टा हळूहळू खुर्चीकडच्या टोकापासून काळा पडत गेला. कुणीतरी फार सावकाश चाललं होतं. मग पट्टा त्याच सावकाशीने पुन्हा उजळत गेला. शेठ आदराने थोडे वाकले, वळले, आणि मागोमाग गेले. दार लागलं.

"शेठ!" राही ओरडली. ती एवढ्या मोठ्याने ओरडली, पण शेजारी उभ्या माणसालाही ते कळलं नसेल. तिने दुसऱ्या हाताने आईचा फोन ओढला आणि पडवीच्या कोपऱ्यात जाऊन दमयंतीमावशींना सांगितलं, शेठ कुणाबरोबर तरी निघालेत, थांबवा. मावशींचं घर कारखान्यापासून पाच मिनिटांवर. मावशी धावत गेल्या, धापा टाकत बोलल्या. गेटला आतून कुलूप होतं. शेठची स्कूटर होती. शेठच्या चपला दारात होत्या. हाका मारून मारून त्यांचा घसा बसला होता.

"सांग ना गो, कोण आलं होतं? तुला ठाऊक हाय काय?" मावशी विचारत होत्या.

राहीला ठाऊक होतं. गुरुवारपासून ठाऊक होतं. एक वाक्य बोलली असती तर शेठ आज भाट्याला घरी भिंती बघत बसले असते, आणि ती बोलली नाही, कारण तिला इथे यायचं होतं.

पालखी अंगणात टेकली. आईने ओटीचं ताट राहीच्या हातात दिलं आणि मानकऱ्यांना कौतुकाने सांगितलं, "यंदा माझी लेक आली हो!" सगळे हसले, कुणीतरी राहीच्या कपाळाला गुलाल लावला. एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन घेऊन ती उभी राहिली. कॉल अजून चालू होता. पडद्यावर दोन रिकाम्या खुर्च्या होत्या आणि पलीकडचं दार बंद होतं.